मागच्या दाराची किल्ली कोणाकडे होती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्धीवर आणि कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. न ऐकण्याबद्दल मी घरात प्रसिद्धच आहे, तेव्हा दडपणाचा प्रश्न येत नाही. पती जाऊन पाच महिने झाले. रडू आलेले नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, येईल. मी वाद घातला नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीला. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो. तो तिच्या वडिलांनी बसवला होता. दुरुस्त करू नये.

२. पतीचे पाने, हातोड्या व पत्र्याची पेटी जावयांना. हे बस डेपोत मेकॅनिक होते. जावयांना साधा स्क्रू पिळता येत नाही. असू दे, पेटी तरी शोभेल.

३. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. तिने इतिहासच घ्यावा असा माझा आग्रह नाही.

४. पुढच्या खोलीतली पुस्तकांची व कागदांची तीन कपाटे, म्हणजे माझा छंद. चौतीस वर्षे मी दुसऱ्यांचे बोलणे जोडून दिले आणि ऐकायचे नाही हा नियम पाळला. निवृत्त झाल्यावर मेलेल्या माणसांचे ऐकायला बसले. तिथे कोणाची मनाई नव्हती. दर शनिवारी डबा घेऊन सरकारी दप्तरखान्यात जायचे. धुळीने शिंका यायच्या, शिपाई कुरकुरायचा, पण एका वहीत भेटलेला माणूस दुसऱ्या वहीत दिसला की भर बाजारात माहेरचे कोणी भेटावे तसा आनंद व्हायचा. खरे सांगायचे तर इतका आनंद मला लग्नानेही झाला नाही, आणि यांना ते ठाऊक होते.

माझा नियम एकच: दोन पुरावे असल्याशिवाय लिहायचे नाही. आमच्या इतिहास मंडळात सगळे थट्टा करत. "बाई, बाहेर पाऊस पडतोय. दुसरा पुरावा आणू का?"

५. या नियमाने मी इथल्या कागद गिरणीच्या आगीवर अठ्ठेचाळीस पानांचे पुस्तक लिहिले. आगीत नऊ कामगार गेले, कारण मागचे दार बाहेरून कुलूपबंद होते. पहारेकरी कुलूप लावून किल्लीसकट जेवायला घरी गेला, असे चौकशीच्या अहवालात होते आणि वर्तमानपत्रातही. झाले दोन पुरावे. हा पहारेकरी म्हणजे माझे सासरे. आगीनंतर त्यांची नोकरी गेली, उरलेला जन्म छत्र्या दुरुस्त करण्यात गेला. छापण्याआधी मी यांना विचारले, "अहो, नाव घालू का?" हे भांडी विसळत होते. म्हणाले, "पुरावे आहेत ना? मग घाल."

मी घातले. त्या आधारे मंडळाने गिरणीच्या भिंतीवर पाटी बसवली: पहारेकऱ्याच्या हलगर्जीमुळे नऊ जणांचा बळी. त्यानंतर हे बाजारात लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. मी विचारले तर म्हणाले, "चालणं होतं." मीही मान डोलावली.

सात वर्षांनी, हे दवाखान्यात असताना, रद्दीवाल्याने माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात गिरणीची किल्ल्यांची वही निघाली. आगीच्या दिवशी दुपारी दीड वाजता मागच्या दाराची किल्ली व्यवस्थापकांनी नेली, खाली सही. परत केल्याचा रकाना कोरा. आग पावणेतीनला लागली. मग मी वर्तमानपत्राचे कात्रण पुन्हा वाचले. बातमी अहवालातून जशीच्या तशी उचललेली होती आणि अहवालात जबाब होता तो व्यवस्थापकांचा. म्हणजे माझे दोन पुरावे मुळात एकच होते. हे सात वर्षांपूर्वी माझ्या लक्षात यायला हवे होते.

वही पिशवीत घालून मी यांच्या खाटेशी जाऊन बसले. म्हणाले, "काय सापडलं गं? तोंडावर दिसतंय." मी म्हटले, "पक्कं झालं की सांगते." व्यवस्थापकांच्या सहीचा दुसरा नमुना मिळावा म्हणून मी दप्तरखान्याला पत्र टाकले होते. अकरा दिवस मी खाटेशी बसले आणि टपालाची वाट पाहिली. बाराव्या दिवशी हे गेले. उत्तर त्यानंतर चार दिवसांनी आले: मागितलेला कागद उपलब्ध नाही. मी ते फाइलला लावले, वर तारीख टाकली आणि जेवायला बसले. काही वाटले नाही. अजून वाटत नाही. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसे.

६. ती पाटी काढून नवी लावावी, खर्च माझा. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, यांना मी तोंडी सांगून पाहिले. "बाई, एका वहीवर पाटी कशी बदलणार? दोन पुरावे हवेत. तुम्हीच घोकून घेतलंत आमच्याकडून!" म्हणाले आणि हसले. त्यांच्यावर माझा जुना राग आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेते. वरील तिन्ही कपाटे मंडळाची, पण तीन महिन्यांत पाटी बदलली तरच. नाहीतर रद्दीवाल्याला वजनावर द्यावीत, आणि ती तराजूत चढताना बघायला अध्यक्षांना आवर्जून बोलवावे.

७. किल्ल्यांची वही मुलीला. माझ्यामागे तिने कलम पाच वाचावे, म्हणजे आजोबांविषयी खरे काय ते तिला कळेल.

पुरवणी, आजच, साक्षीदार येण्यापूर्वी.

कलम सात लिहून मी पेन खाली ठेवले. अगं बाई, पुन्हा तेच! आता लेकीलाही मी मरेपर्यंत थांबायला लावत होते. तिला फोन केला. ती चारला आली. वही उघडून हातात दिली, सगळे सांगितले.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"बाबा असताना किती दिवस होती ही तुझ्याकडे?"

"अकरा."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. वहीवर हात ठेवून म्हणाली, "तुझं पुस्तक आलं तेव्हा मी बाबांशी भांडले होते. म्हटलं, गप्प काय बसलाय? तर म्हणाले, आगीच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. आबा दुपारी जेवायला आले की त्यांचा जुडगा मी खिळ्याला लावायचो. रोज पाच किल्ल्या मोजायचो. त्या दिवशी चारच होत्या. आबा म्हणाले, पाचवी साहेबांनी नेली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी तेच म्हटलं, आईला सांगा. म्हणाले, तिनं विचारलं तर सांगेन. सहा वर्षांच्या पोराचं ती कागदापुढे काय धरणार?"

सबब कलम सात रद्द. वही मुलीने नेली. कलम सहामध्ये वाढ: दुसरा पुरावा, पहारेकऱ्याच्या मुलाचे तोंडी निवेदन, मुलीने लिहून सही केलेले, सोबत जोडले आहे. नव्या पाटीवर लिहावे: मागच्या दाराची किल्ली व्यवस्थापकांकडे होती. पहारेकरी निर्दोष होता.

एका सहीसाठी मी दप्तरखान्याला पत्र लिहिले. यांना नाव घालू का एवढेच विचारले. तुम्हाला काय आठवतं, हे मी एकदाही विचारले नाही.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. बरोबर आहे.

सही: पहारेकऱ्याची सून

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ, मंगळवार, सायंकाळी सव्वापाच