हॅरल्डसाठी आलेली भेट

प्रिय कोरी,

पत्र घरी न येता तुझ्या कामावर, फुलांच्या दुकानात कसं आलं, असं तुला वाटेल. ते बिल वाटावं म्हणून मी खिडकीचं पाकीट वापरलंय आणि पत्ता छापील अक्षरांत घातलाय. कारण सांगतेच, पण आधी इकडच्या चार गोष्टी सांगू दे, म्हणजे माझं मन जरा थाऱ्यावर येईल. सध्या ते अजिबात थाऱ्यावर नाही. कॉफी करते आणि प्यायचीच विसरते.

आमच्या बेवारशी कुत्र्यामांजरांच्या शेल्टरमध्ये ख्रिसमसची गडबड आहे. पशुखाद्याच्या दुकानात दरवर्षीप्रमाणे झाड उभं केलंय आणि त्यावर प्रत्येक प्राण्याचं कार्ड टांगलंय: फोटो, नाव, वय, आवड. गावातले लोक एखादं कार्ड काढून नेतात आणि त्या प्राण्यासाठी भेट आणून खालच्या खोक्यात टाकतात. ती भेट प्राण्याच्या तोंडी लागण्याआधी उघडून तपासायची, हे काम रुथॅननं माझ्या गळ्यात घातलंय. शेल्टर तिचं, हुकूमही तिचाच. लोकांचं मन सोन्यासारखं असतं, पण डोकं कधी कधी सुट्टीवर जातं. मांजरांना चकचकीत रिबिनी आणतात. रिबीन पोटात गेली की आतडं चुण्या पडून गोळा होतं, हे कुणाच्या गावी नसतं. कुणी भाजलेली हाडं आणतं, ती मोडून घशात रुततात. बँकेतून निवृत्त झालेले मिस्टर प्रुइट तर दरवर्षी मनुका घातलेला केक घेऊन हजर. मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे मी त्यांना दरवर्षी सांगते. यंदा म्हणाले, "अहो, माझ्या आईची कृती आहे, आम्ही भावंडं यावरच वाढलो." मी म्हटलं, "मग भावंडांनाच पाठवा." रागावले, पण केक ठेवून गेले. तो रुथॅननं आणि मी खाल्ला. चांगला होता.

मी एवढी काटेकोर का, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आपल्या पॉपी कुत्रीनं ख्रिसमसच्या सकाळी तुझ्या अस्वलाचा काचेचा डोळा गिळला, तेव्हा तू दुसरीत होतीस. बाबांनी तिला ब्लँकेटात गुंडाळून बर्फातून गाडी हाणली, आणि तू मागच्या सीटवर तिच्या पोटावर हात ठेवून बसलीस. पॉपी वाचली. त्यानंतर आपल्या घरात आलेल्या प्रत्येक खेळण्याचे डोळे कापून दोऱ्यानं भरायचे, हा नियमच झाला. दोऱ्याचं टोक शिवणीच्या आत ओढून घ्यायचं, म्हणजे दाताला लागत नाही, हे मी तुला शिकवलं. पापण्या मात्र तुझ्या. मी म्हणायचे, कुत्र्याला पापण्यांचं काय कौतुक? तू म्हणायचीस, "पापण्या नसल्या तर त्याला झोप कशी लागेल?" आणि प्रत्येक डोळ्यावर तीन तिरक्या पापण्या काढायचीस, निळ्या दोऱ्याच्या.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी कुणीतरी आमच्या फाटकाला एक कुत्रा बांधून गेलं. तपकिरी, झिपरा, एक कान मुडपलेला. अशी कुत्री अख्ख्या ओहायोत पायलीला पन्नास मिळतील, त्यामुळे मला कसलीच शंका आली नाही. रुथॅननं त्याचं नाव हॅरल्ड ठेवलं, कारण तो तिच्या काकांसारखा उदास बसायचा. बायकांजवळ यायचा, पण बूट घातलेला पुरुष दिसला की जमिनीला चिकटायचा. एकदा आमच्या दुरुस्तीवाल्याच्या हातून फावडं पडलं, तर बिचाऱ्यानं जागीच लघवी केली. सारखा अंग खाजवायचा, आणि का ते कळेना. कार्डावर 'आवड' या शब्दापुढे काय लिहायचं, हे न सुचून रुथॅननं जागा कोरी ठेवली होती.

गेल्या आठवड्यात खोक्यात त्याचं कार्ड लावलेलं एक पार्सल आलं. वर पाठवणाऱ्याचं नाव नाही, रिबीन नाही, चिकटपट्टीही नाही, नुसतं कागदात गुंडाळलेलं. आत एक कापडी ससा होता, त्यातली चूंचूं वाजणारी पुंगळी काढून टाकलेली. मेंढीच्या मांसाची बिस्किटं होती आणि चिठ्ठी होती, छापील अक्षरांत: याला चिकन देऊ नका, अंगाला खाज सुटते. तळाशी लाल चौकटीच्या शर्टाची एक बाही होती, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. रुथॅन म्हणाली, "फार मायेचं माणूस दिसतंय. पण चिकनचं याला कळलं कसं?" मी सशाचे डोळे बघत होते. निळा दोरा आणि तीन तिरक्या पापण्या. ती बाही तर मी स्वतः कितीदा इस्त्री केलीय, बाबा गेल्यापासून त्यांचा तो शर्ट तू जपून ठेवला आहेस म्हणून मी निर्धास्त होते. तो तू कापलास, म्हणजे वेळ काय आली असेल!

मी हॅरल्डच्या पिंजऱ्यापाशी जाऊन बसले. तू फोनवर मोकळेपणानं बोलायचीस तेव्हा सांगितलेलं तुझ्या कुत्र्याचं नाव आठवलं. हळूच म्हटलं, "वॅफल." तो उठला, जाळीला नाक लावलं आणि माझ्या मागे बघायला लागला, जणू तू माझ्या पाठीमागे उभी असशील.

पोरी, मग सगळं उलगडत गेलं. तू एका वाक्यात फोन ठेवतेस, आणि मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. ख्रिसमसला येत नाहीस, कारण सर्दी झालीय. तुझी सर्दी आता वर्षभर चाललीय. तू वॅफलला माझ्या दारी सोडलं नाहीस, कारण तुझा तो नवरा, ट्रॅव्हिस, शोधायला पहिला इथेच येणार, हे तुला माहीत होतं. पण मी जिथे हमखास असते, त्या फाटकाला बांधलंस.

आणि तो आला. परवा सकाळी माझ्या ओट्यावर उभा, हातात चॉकलेटचा डबा. गोड हसत म्हणाला, "कुत्रा पळालाय आमचा. कोरी रडून रडून बेजार झालीय. इकडे कुठे दिसला का?" मी म्हटलं, "अरे रे, असा कसा पळाला? मी शेल्टरमध्येही विचारते हो." त्याला कॉफी दिली, दारापर्यंत सोडलं आणि मग स्वयंपाकघरात खाली बसून राहिले. वॅफल तेव्हा शेल्टरमध्ये नव्हताच. पापण्या बघितल्या त्याच दिवशी मी रुथॅनला सगळं सांगितलं आणि तिनं त्याला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते लिहीत नाही. तिथे तुझ्यासाठीही खोली आहे, आणि दाराला आतून कडी आहे.

म्हणून हे पत्र. मी काही विचारणार नाही, तू का राहिलीस हेही नाही. तू आधी वॅफलला बाहेर काढलंस, आता तुझी पाळी. गुरुवारी दुकान उघडलं की रुथॅन येईल आणि हॅरल्डच्या नावानं दारावर लावायचं हिरवं तोरण मागेल. जमत नसेल तर तोरणं संपली म्हण. ती दुसऱ्या दिवशी येईल, तिसऱ्या दिवशीही येईल. जमलं तर तोरण तिच्या गाडीपर्यंत पोचवायला जा आणि गाडीत बस. कोट घ्यायला आत फिरू नकोस, तुझ्या मापाचा कोट मी सीटवर ठेवलाय. हे पत्र आत्ताच फाडून फुलांच्या कचऱ्यात टाक. वॅफलला ससा आवडला, बाही तर तो सोडतच नाही, पण ती तोंडात धरून तो दाराकडेच बघत बसतो. कार्डावरच्या कोऱ्या जागेत काय लिहायचं, ते आता मला ठाऊक आहे. मागच्या सीटवर तोच असेल. त्याच्या पोटावर हात ठेव आणि ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मॉम