शेंदराचं बोट

७ जाने. २००३, मंगळवार
आईचं पोट पुन्हा दुखलं. चौथी वेळ. सकाळची बॅच अर्ध्यावर सोडून घरी आलो तर ती उंबऱ्यात पोटाशी गुडघे घेऊन बसलेली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले गॅस. मागच्या वेळी अपेंडिक्स म्हणाले होते, त्याआधी वय.
कळ थांबल्यावर मरीआईला गेलीच. मंगळवार ना! त्र्याण्णवच्या भूकंपापासून एक चुकवला नाही. माझी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची, ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली आणि आई बोलून बसली, पोर डॉक्टर होईस्तोवर दर मंगळवारी माझ्या हातानं शेंदूर चढवीन. गाव सुटलं, लातुरात आलो, तरी गल्लीच्या टोकाला मरीआई सापडलीच. मुक्ता आता बारावीला. केमिस्ट्रीला माझ्याच क्लासात.

१३ जाने.
आईच्या हातातून तांब्या पडला. उजवं मनगट वर उचलेना. "हात माझं ऐकंना झालाय रे." माझी बायको रेखा म्हणते लकवा. पण मग पोटाचं काय? काही जुळत नाही.
क्लासात कोऑर्डिनेशन कंपाउंड्स संपवले. चिलेट म्हणजे खेकड्याची नांगी, धातूला दोन्ही बाजूंनी धरते. उपयोग : शिशाची विषबाधा. लिहून घ्या, बोर्डाला हमखास. फळा पुसला, घरी आलो.

२० जाने. नांदेड
गिरीशला दाखवलं. माझा जुना विद्यार्थी, इथे मोठा डॉक्टर झालाय. त्यानं आईचा ओठ खाली ओढला. हिरड्यांवर निळसर काळी रेघ.
मी म्हणालो, मिसरी लावते ती.
"मिसरीची रेघ अशी नसते, सर. हात कशाला लागतो यांचा? बॅटऱ्या, रंग, कुणा वैद्याचं भस्म?"
मी नाही नाही म्हणतोय. आई म्हणाली, "मी कशाला कशाला हात लावू बाबा. मरीआईला तेवढा शेंदूर."
गिरीश माझ्याकडे वळला. "सर, शेंदूर म्हणजे काय? एका वाक्यात उत्तर लिहा."
शिशाचं ऑक्साइड. प्रश्न माझाच, एक मार्काचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्या बोटानं शेंदूर, त्याच बोटानं मिसरी. नऊ वर्षं.
परतीच्या एसटीत लाज वाटत होती. रक्त मुंबईला पाठवलंय.

३१ जाने.
रिपोर्ट आला. शिसंच. पुष्कळ.
सलाइनमधून द्यायचं औषध, ईडीटीए, लातुरात नाही, नांदेडातही नाही. गिरीश हैदराबादला विचारतोय.
उदगीरहून मेव्हणा आलाय. माझ्या नोट्स चाळून म्हणतो, "दाजी, ईडीटीए म्हणजे तुमच्या प्रॅक्टिकलच्या कपाटात हाय तेच की! मग कशाला थांबून राहिलाव?"
ती सोडियमची बाटली, पाण्याचा जडपणा मोजायची. रक्तात गेली तर कॅल्शियमच ओढून घेईल, हृदय थांबेल. औषध कॅल्शियमवालं. नाव जवळजवळ तेच. समजावलं, पण त्याला पटलं नाही. संध्याकाळी जाऊन कपाटाला कुलूप लावलं. माझा माझ्यावरही भरवसा नव्हता.

४ फेब्रु. मंगळवार, नांदेड
औषध आलं. दुसरा दिवस. लघवीवाटे शिसं जातंय म्हणतात. आईचा मंगळवार चुकला. दिवसभर भिंतीकडे तोंड.

१० फेब्रु.
घरी आणलं. आता कॅप्सूल, उपाशीपोटी. गिरीशनं दोनदा बजावलं, शेंदूर थांबलाच पाहिजे. आत येत राहिला तर औषध उलटं पडेल.
आईला सांगितलं. "आन् पोरीला काय झालं तर? तू देशील का भरून?"
मी केमिस्ट्रीचा मास्तर, आणि मला भीती वाटली.

११ फेब्रु. मंगळवार
आई गेली नाही! भांडण नाही, रडणं नाही. कॅप्सूल घेतली, मिसरीचा डबाही रेखाकडे दिला. मुक्ता पहाटेच मैत्रिणीकडे अभ्यासाला. एवढं सहज कसं? जाऊ दे, बरंच झालं.

४ मार्च, मंगळवार
आईनं आज उजव्या हातानं कप धरला. रेखाच्या डोळ्यांत पाणी.
क्लासला जाताना मरीआई दिसली. शेंदूर ओला, ताजा. समोरच्या गिरणीवाल्याला विचारलं. "मास्तर, तुमच्याच घरचा की वो. खंड न्हाई."
आई देवाची शपथ घेऊन सांगते, मी पायरी उतरले नाही. ती खोटी शपथ घेणार नाही. मग कोण?

११ मार्च, मंगळवार
पहाटे जाऊन उभा राहिलो. मुक्ता. मनगटापर्यंत केशरी.
"आजीनं अट घातली बाबा. तू हाती घे, तरच गोळ्या घेते म्हणाली."
ग्लोव्ज तरी?
"एकदा घातले. आजी म्हणाली, रबराचा हात मरीआईला चालत न्हाई."
तुला ठाऊक होतं शेंदूर म्हणजे काय?
"तुम्हीच तर शिकवलं. मग काय करू, आजीला मरू देऊ?"
नळाखाली तिचे हात मी धुतले, ती आठ वर्षांची असल्यासारखे. नखांत राहिलाच.

१२ मार्च
मुक्ता जेवली नाही. पोट दुखतंय. रेखा म्हणते उद्या पेपर आहे, टेन्शन. असेलही. गिरीश फोनवर म्हणाला, चार-पाच मंगळवारांत एवढं होत नाही. मग म्हणाला, "पण सर, नऊ वर्षं ती आजीच्याच हातचं जेवलीय ना?"
हो. काला कालवून आईच भरवायची.
पेपर झाला की रक्त घ्यायचं.
आईला म्हणालो, मुक्ताचं बंद. तिनं उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. "मग ह्या बी घेऊन जा."

१८ मार्च, मंगळवार
मुक्ताचं रक्त शुक्रवारी गेलं. रिपोर्ट अजून नाही. पोट कधी दुखतं, कधी नाही.
तोड निघाली. आई म्हणाली, पोर नको तर तू. हो म्हणालो. ग्लोव्ज घालायचे, पटकन उरकायचं, आईला कशाला कळतंय. तेल, शेंदूर कालवला. आई घराच्या पायरीवर उभी. एवढ्या लांबून तिला काही दिसत नव्हतं.
मुक्ताचा रिपोर्ट मनात आला आणि मी ग्लोव्ज काढले.
का काढले, कळत नाही. घरी येऊन तीनदा हात धुतले. आईनं कॅप्सूल घेतली.