कड्यावरची वाट

दादा,

राष्ट्रीय उद्यानातली कोणती वाट धरायची हे ठरत होतं, तेव्हा मी तळ्याकाठची सुचवली होती. सपाट, सावलीची, जागोजागी बाकं असलेली. बाबांच्या गुडघ्यांना तेवढीच झेपली असती. "एवढ्या लांबून मी तळं बघायला आलोय का?" म्हणून तू कड्यावरची वाट निवडलीस. बाबा लगेच म्हणाले, "त्याला हवं तिथेच जाऊ." मला रजा नव्हती, म्हणून तुम्ही दोघंच गेलात.

अर्ध्या चढावर बाबांचे पाय थकले. "इथेच थांबा, आलोच," असं सांगून तू वर गेलास आणि पलीकडचा उतार जास्त सुंदर दिसला म्हणून तिकडूनच उतरलास. बाबा आपले आपण खाली गेले असतील, असं तुला वाटलं म्हणे.

बाबा तिथेच बसून होते. एक जोडपं त्यांना हात धरून खाली न्यायला तयार होतं. "मुलगा येतोय," म्हणून बाबांनी त्यांना वाटेला लावलं. अंधार पडता पडता वनरक्षकाला ते सापडले, तेव्हा थंडीने त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तू तुझ्या घरी परतलास. बाबा आता फाटकापर्यंतही जात नाहीत. काल मला म्हणाले, "त्याला कळव, फार मजा आली." मी तेवढंच कळवलं. तू लगेच अंगठा पाठवलास.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. वाचून तू दुखावलास, तर बाबा रागावतील. माझ्यावर.

तुझी,
घरी राहिलेली बहीण