पेटणे: अर्थ आणि अनुभव

५ जानेवारी
शब्दकोशाच्या कचेरीत आज मोठ्या साहेबांनी मला 'पेटणे' ही नोंद दिली. मुदत दोन आठवडे. साहेब महिनाअखेर निवृत्त होणार. खुर्ची कुणाला, हे उघड आहे. 'प'मध्ये अकरा वर्षं काढलेला दुसरा आहेच कोण? मुद्रितशोधक बाई आहेत, पण त्या सारखे प्रश्न विचारतात. ज्याला येतं तो विचारत नाही.
संकल्प: हा शब्द अनुभवातून लिहायचा.

६ जानेवारी
गीझर बंद पडला. बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलवा. म्हटलं, मागच्या अंगणात चूल आहे की! विषय स्वतः चालत घरी आला.

७ जानेवारी, सकाळी ६.३०
चुलीत मधोमध जाड ओंडका ठेवला. काडी लावली. दुसरी लावली. पेटी संपली. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "आधी बारीक काटक्या लावा, मग ढलप्या, मग लाकूड." त्यांना ज्वलनाचं शास्त्र समजावलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.
थंड पाण्याने अंघोळ. रक्ताभिसरणाला उत्तम. बायको अंघोळीला शेजारी गेली. इच्छाशक्ती कमी.

९ जानेवारी
चूल नाही. डोकं मात्र पेटलं. हा अर्थ टिपला. बायको म्हणते, तुम्ही हट्टाला पेटलाय. तोही टिपला. घरातलं भांडणही पेटलं, पण तेव्हा हाताशी पेन नव्हतं.
कचेरीत बाईंनी विचारलं, "सर, चुलीला कुणीतरी पेटवतं. हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण पेटवतं?" मी हसलो. बाईंच्या विचाराला खोली नाही. प्रश्न टिपणात घेतला, माझ्या शब्दांत.

१२ जानेवारी, सकाळी ७
पेटली! कचेरीच्या पिशवीत जुन्या प्रुफांचा गठ्ठा सापडला, तो खाली सारला. वर काटक्या. (स्वतःच्या निरीक्षणातून.) भडका! बायकोसुद्धा म्हणाली, "पेटली बाई एकदाची." अंघोळ करताना गाणं म्हटलं.

१२ जानेवारी, ११.४०, कचेरी
ती प्रुफं नव्हती. नोंदीसाठी जमवलेल्या, 'पेटणे'च्या उदाहरणांच्या चिठ्ठ्या होत्या. एकशे ऐंशी.
कुणाला बोललो नाही. खऱ्या विद्वानाचा कोश डोक्यात असतो. आठवून लिहायला बसलो. दुपारपर्यंत चार उदाहरणं झाली. चौथं म्हणजे दुसरंच पुन्हा.

१४ जानेवारी
बाईंना सहज विचारलं, चिठ्ठ्यांच्या नकला कुणी ठेवतं का? त्या वहीत सगळं उतरवून ठेवतात म्हणे. तारखांसकट! वही मागितली. कारण सांगितलं: तुमचं अक्षर तपासायचंय. म्हणाल्या, "घ्या ना सर." भोळी बाई.

१९ जानेवारी
नोंद सादर केली. साहेबांनी उभ्या उभ्या वाचली. म्हणाले, "फार चांगली झालीय." मग विचारलं, "काटक्या-ढलप्यांचं वाक्य कुणाचं?" म्हटलं, आमच्या घरातलं. खोटं नाही.
जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनची खिडकी मापली. पडदा निळा घ्यावा.

२४ जानेवारी
खुर्ची बाईंना.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही, सगळ्यांत जोरात. मग केबिनमध्ये जाऊन साहेबांना शांतपणे विचारलं, माझ्यात काय कमी पडलं? साहेब चष्मा पुसत म्हणाले, "अहो, तुमचा अर्जच नव्हता."
अर्ज?
सूचना महिनाभर फळ्यावर होती म्हणे. फळा पाण्याच्या पिंपाच्या वर आहे. मी पाणी घरून नेतो.

२५ जानेवारी
तब्येत बरी नाही, असं कळवलं. दुपारी बाई घरी आल्या. संत्री आणली. सासूबाईंशी तासभर गप्पा. निघताना मला म्हणाल्या, "सर, तुमचं नाव यादीत दिसेना, म्हणून शेवटच्या दिवशी दोनदा तुमच्या टेबलापाशी आले होते. तुम्ही म्हणालात, आत्ता नको, कामात आहे."
खरं आहे. म्हणालो होतो. कुठल्या कामात होतो ते आठवत नाही.

२५ जानेवारी, संध्याकाळी
बायकोने संत्रं सोलून दिलं. विचारलं, "अर्ज का नाही केलात?"
म्हटलं, मला वाटलं, विचारतील.
ती म्हणाली, "विचारायलाच आली होती ना ती?"
संत्रं गोड होतं.