ताई वर जाऊन आली

प्रिय टिटवे,

तुझं पत्र पोचलं. त्या मोठ्या शहरातल्या चर्चच्या मंडळीने तुला पाळक म्हणून बोलावलंय आणि महिनाअखेर तू त्यांना होकार कळवणार आहेस, हे वाचून तुझ्या आईने आधी देवाचे आभार मानले आणि मग कपाट आवरायला काढलं. रडू आलं की ती कपाट आवरते, हे तुला माहीतच आहे. मी मात्र म्हटलं, होकार कळवण्याआधी पोरीला इकडची हकिकत तरी कळू दे. गेल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये जे झालं ते बघायला तू हवी होतीस. अभिमानाने छाती फुगून माझ्या कोटाचं बटण तुटलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. तुझी आई म्हणते, ते केकमुळे तुटलं.

यंदाच्या धर्मसुधारणा दिनाची तयारी चर्चच्या पंचांनी माझ्या गळ्यात मारली. आता जन्मभर बसडेपोत ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला निमंत्रणं धाडायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? पाळकसाहेब म्हणाले, सगळ्या चर्चना बोलवा, आपलं लूथरन घर सर्वांना उघडं आहे हे कळू दे. मी सगळी म्हणजे सगळीच धरली. चौकापलीकडच्या कॅथलिक फादरनाही पत्रिका गेली, 'आमच्या चर्चच्या जन्माचा आनंद आमच्यासोबत साजरा करावा', तीही माझ्या ठळक अक्षरात. खजिनदारांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अहो, पाचशे वर्षांपूर्वी ज्यांच्या घरातून भांडून वेगळे निघालो, त्यांनाच वाटणीच्या वाढदिवसाचं आमंत्रण? मी म्हटलं, वेगळे राहिलेले भाऊ चहाला येत नाहीत की काय? तोंडाने बोललो खरा, पण टपालपेटी दिवसातून तीनदा उघडून बघत होतो. दोन दिवसांनी फादरचं उत्तर आलं: येतो, गायनमंडळही आणतो, केक किती आणू?

आता तुझ्या आत्याबद्दल. तिचं नाव काढलं की फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्रात लिहितो. तुला धड अक्षरओळख नव्हती तेव्हापासून तुझ्याकडून बायबलातले शास्त्रपाठ तोंडपाठ करून घेतले ते ताईने. हॉस्पिटलातून आली की मेट्रनचा गणवेशही न बदलता ती तुला मांडीवर घ्यायची, आणि तू इतक्या मोठ्याने म्हणायचीस की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आमेन म्हणायचे. टिटवी हे नाव तिनेच ठेवलं. आणि तू पाळक व्हायला निघालीस तेव्हा दारात उभी राहून, शीक हवं तेवढं, पण बाईमाणसाने व्यासपीठावर चढायचं नसतं, असं म्हणालीही तीच. तुझ्या पाळकपदाच्या दीक्षेलाही ती आली नाही. तेव्हापासून तुम्ही दोघी गप्प. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशा आहात. आपले पाळकसाहेब वर्षअखेर निवृत्त होतायत, त्यांच्या जागी तू यावीस असं मंडळीतल्या पुष्कळांच्या मनात आहे. पण ताईने मान हलवल्याशिवाय आपल्या चर्चमध्ये पंखासुद्धा फिरत नाही. म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं, आणि म्हणूनच तू ते दूरचं चर्च धरायला निघालीस, हेही मला कळतं. बाप आहे मी.

रविवारी चर्च खचाखच भरलं. वेदीवर लाल वस्त्र, दारात लाल फुलं. कॅथलिक मंडळी पाहुण्यांसारखी मागच्या बाकांवर अंग चोरून बसली. आपली सारी कथा एका चर्चच्या दारावर ठोकलेल्या तक्रारींच्या कागदापासून सुरू झाली म्हणतात ना, तर फादर आत येताना आपला दरवाजा वरपासून खालपर्यंत न्याहाळून मला म्हणाले, आज काही ठोकणार नाही ना? मी म्हटलं, हातोडी घरीच ठेवलीय, बसा निवांत. मग आपल्या रीतीप्रमाणे पाळकसाहेब व्यासपीठ रिकामं ठेवून खाली लोकांत येऊन बसले. देवाचा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून त्या दिवशी वाचन लोकांनीच करायचं. पुरुष वर जाऊन माईकवर वाचणार, बायका आपापल्या बाकाशी उभ्या राहून. ही दुसरी रीत कुणी पाडली कुणास ठाऊक, पण ताईने ती आजवर डोळ्यांत तेल घालून सांभाळली.

पहिलं वाचन दरवर्षीसारखं ताईचं. ती जागेवर उभी राहिली आणि तिचं आवडतं स्तोत्र म्हणायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून तिचा आवाज खोल गेलाय, मध्येच दम लागतो. पुढच्या बाकांना ऐकू येत होतं. मागून एक म्हातारे कॅथलिक गृहस्थ ओरडले, बाई, ऐकू येत नाही! ताई थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. परत तोच आवाज, अहो, वर जाऊन म्हणा की, माईक रिकामाच आहे! त्या बिचाऱ्याला आपल्याकडच्या रीती काय माहीत? आमच्या सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. ज्या बाईच्या एका हाकेसरशी अख्खा वॉर्ड ताठ व्हायचा, तिला उभ्या जन्मात कुणी ऐकू येत नाही म्हणालं नव्हतं. ताईने काठी उचलली आणि टक टक करत थेट व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. खजिनदार अर्धवट उठले, तिने एकदा वळून बघितलं, आणि ते होते तसे बसले.

वर जाऊन तिने माईक आपल्या उंचीला ओढला. चष्मा बाकावरच राहिला होता, पण तिला कुठे लागतो! सगळं स्तोत्र तिने तोंडपाठ म्हटलं. दम लागला तिथे थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. संपल्यावर मागच्या बाकांकडे बघून मेट्रनच्या आवाजात विचारलं, आता आलं का ऐकू? मागचे सगळे एका सुरात म्हणाले, आलं! लोक इतके हसले की फादरना ठसका लागला. आणि तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं, आपण उभ्या कुठे आहोत. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ही चक्कर येऊन पडणार किंवा आम्हाला झाडणार. तिने लाकडी कठडा धरला, खाली सगळ्यांकडे नीट बघितलं. मग पुढचं वाचन जिचं होतं त्या शिंपीणबाईला म्हणाली, तिथून काय पुटपुटणार आहेस? वर ये. त्या दिवशी एकूण एक बाई वर जाऊन वाचून आली. टिटवे, माझे डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. ही माझी थोरली बहीण, असं शेजारच्या दोन अनोळखी माणसांना मी विनाकारण सांगितलं.

बुधवारी पंचांची बैठक झाली. नव्या पाळकाचा विषय निघाला, तुझं नाव आलं आणि सगळे आढ्याकडे बघायला लागले. खजिनदार चाचरत म्हणाले, मेट्रनबाईंचं मत आधी घ्यावं. कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताई म्हणाली, माझं मत मी रविवारी वर जाऊन देऊन आले. कुणाला ऐकू आलं नसेल तर पुन्हा जाते. पुन्हा जायची वेळ कुणी आणली नाही. सगळे हात वर गेले, खजिनदारांचे तर दोन्ही.

बोलावणं अधिकृत पत्राने, शिक्क्यासकट येईलच. इकडे यायचं की तिकडे जायचं ते तू ठरव, मी मध्ये पडणार नाही. पण हे पत्र मी केवळ आपल्या मनाने लिहायला बसलेलो नाही. ताई समोरच्या खुर्चीत बसून पुढचं माझ्याकडून लिहून घेतेय. हात थरथरतो म्हणते, खरं तर तिला पहिली ओळ सुचत नाही. इतके दिवस तुला कळवायचं नाही अशी तंबी होती, ती तिने आजच उठवली: तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ती घाबरलेली नाही, डॉक्टरच तिला घाबरतात. पण त्याआधी तिला प्रभुभोजनाची भाकर घ्यायची आहे, आणि ती तुझ्याच हातून. तू तिकडची झालीस तरी ती तिकडे येईल, गाडीचं मी बघतो. पाळकसाहेब म्हणाले, तब्येत बघता तुम्ही खुर्चीवर बसूनच घ्या. तर त्यांना म्हणाली, आमची पोर वेदीपाशी उभी असताना मी खुर्चीवर बसेन होय? मी गुडघेच टेकणार. मग उठवेल तीच.

तुझाच, आणि सध्या ताईचा लेखनिक,
बाबा