पाहुणीची भाकरी

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. हॉस्टेलातून यायची ती पत्रं बाबांच्या नावाने, आणि अगदी शेवटी एक ओळ तुझ्यासाठी, आईस नमस्कार. आज लिहायला बसले, कारण खालच्या मजल्यावरची मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली होती. शाळेतली नोकरी संपून मला बरीच वर्षं झाली, वाशीमच्या या घरात आता मी एकटीच असते, पण इंग्रजी अडलं की कॉलनीतली मुलं अजून माझ्याकडे येतात. तिने विचारलं, "आजी, कोल्ड शोल्डर देणं म्हणजे काय? थंड खांदा?"

मी तिला आमच्या हॉस्टेलच्या शाळेतल्या सिस्टरांनी सांगितलेली गोष्ट सांगितली. वर्गातही मी आयुष्यभर तीच सांगत आले. तिकडे इंग्लंडात म्हणे पाहुणा हवासा असला की त्याला गरम जेवण वाढत. नकोसा झाला की कालच्या मेंढीच्या खांद्याचं थंड मांस. पाहुणा काय ते समजायचा आणि उठायचा. मुलीने फोनमध्ये पाहिलं. "आजी, इथं तर लिहिलंय की हे खरं नाही." मला ते माहीत होतं, आई. मोठ्या शब्दकोशात फार पूर्वीच वाचलं होतं. स्कॉटलंडच्या दोनेकशे वर्षांपूर्वीच्या लिखाणात हे शब्द येतात, आणि तिथे ताटही नाही नि मांसही नाही. कुणी कुणाला पाहतं आणि ओळख न दाखवता खांदा वळवतं, एवढंच. मटणाची गोष्ट मागाहून कुणीतरी जोडली. तरी मी वर्गात तीच सांगत राहिले. खरी सांगायची तर मुलींसमोर खांदा वळवून दाखवावा लागला असता, आणि तो कसा वळतो ते मला फार चांगलं माहीत आहे.

मी आठवीत होते. भेटीचा रविवार. व्हरांड्यात मी आणि दोन मैत्रिणी उभ्या, त्यांतल्या एकीचे आईवडील मोटारीतून आलेले. आणि मैदानापलीकडून तू येतेस. लुगडं वर खोचलेलं, पाय धुळीने माखलेले, कडेवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. स्टँडपासून चालत आली होतीस. शेतात हाक मारावी तशी तू हाक मारलीस, "अवं बाई, इकडे पाय ना! मी आलो!" मैत्रिणीने विचारलं, "कोण गं ती?" मी खांदा वळवला आणि वाचनालयात गेले. दोन कपाटांच्या मधे उभी राहिले, घंटा होईपर्यंत. बाहेर आले तेव्हा तू गेली होतीस. फाटकावरच्या चौकीदाराने गाठोडं हातात दिलं. म्हणाला, "मायनं सांगतलं, पोरगी अभ्यासात हाय, बलावू नोका."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी कामरगावला आले. आपल्या घरची रीत तुला काय सांगायची? सकाळी तू भाकरी थापून टोपलीत ठेवायचीस, आणि संध्याकाळी घरचे सगळे त्याच खायचे, बाबासुद्धा. पाहुणा आला तर मात्र तो पाटावर बसल्यावर तवा चुलीवर चढायचा, आणि त्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात. त्या संध्याकाळी मी काकूच्या शेजारी बसले आणि टोपलीत हात घातला. तू टोपली बाजूला ओढलीस.

"थांब. तुले गरम देतो."

"मला हीच चालेल," मी म्हणाले, शाळेतल्या भाषेत.

"नाई. तू आता पाहुणी हायेस."

काकू खिदळली. "इंग्रजी पोट हाय वं तिचं! शिळ्यानं दुखन!" बाबा हसले. तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस, त्यामुळे तू हसलीस की नाही ते मला दिसलं नाही.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत गरम. लग्नानंतर माहेरी आले तरी गरम. तुझे हात थरथरायला लागेपर्यंत मला टोपलीतली भाकरी मिळाली नाही. हॉस्टेलातून आलेल्या लेकीला कुठलीही आई गरमच वाढेल, असं मी स्वतःला किती वेळा समजावलं. आणि तेवढ्याच वेळा वाटलं, की इंग्रजांच्या त्या गोष्टीत थंड वाढून माणसाला दार दाखवायचे, तू मला गरम वाढून दाखवलंस. यातलं खरं कोणतं, हे फक्त तुला माहीत होतं. एका वाक्याचा प्रश्न होता. तुझ्या शेवटच्या आजारपणात रोज तुझ्या उशाशी बसत होते, पण तुझ्या औषधांचं विचारलं, झोपेचं विचारलं, हे नाही विचारलं.

आता भावाकडे गेले की वहिनीही माझ्यासाठी वेगळा तवा ठेवते. "ताई, तुमी बसा, गरम आणतो." तिची मुलं डब्यातली सकाळची भाकरी मोडून खातात, एकमेकांच्या ताटातली ओढतात, भांडतात. इथे वाशीमला मी सकाळी दोन करते. उरलेली एक संध्याकाळी खाते, थंडच. ती खाताना मी कुणाची पाहुणी नसते. पण घरची व्हायला घरात आणखी कुणीतरी लागतं.

हा कागद मी कपाटातल्या वहीत ठेवून देईन. पत्ता तरी कोणता घालू? फक्त एक गोष्ट. मी आजवर स्वतःला सांगत आले, की त्या पहिल्या संध्याकाळी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तसं नव्हतं, आई. भाकरी फुगलेली होती, तू वर लोणी ठेवलं होतंस, आणि मला भूक लागली होती. बाकीचे टोपलीतली खात होते, आणि मी तुझ्याकडे आणखी एक मागितली.