थंड खोलीतली बाटली

ता. ९ मार्च

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, भरलेल्या बादल्या उचलू नकोस. माझी बहीण आहे, ऐकायची नाही, तरी म्हणावं. जावईबापूंचा खोकला गेला का? तुझ्या छोटीचे पुढचे दात आले असतील, आता फोटोत तोंड मिटून उभी राहायची नाही. तुझी तब्येत सगळ्यांत शेवटी विचारतो, कारण तिथे पेन अडतं.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरचेच झाले. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई हसतात, म्हणतात, साखर केव्हाच विरघळली, चहा ढवळताय किती वेळ! मी साखर ढवळत नसतो गं. आपल्या प्रयोगशाळेत द्रावण ढवळायला बाटलीच्या तळाशी ते चुंबकाचं बोटभर कांडं फिरायचं ना, टिकटिक करत, ते मला कपात ऐकू येतं. तुला तिथून जाऊन तीन वर्षं झाली.

शाळेत शिकवणं जमलं म्हणे तुला. ताई सांगत होती, मुलं तुझ्यावर जीव टाकतात. ऐकून बरं वाटलं, आणि वाटलंही नाही.

तुझं ते एन्झाइम, रक्तातला आंबटपणा ताब्यात ठेवणारं, त्याची मोजणी थंड खोलीतच करावी लागायची. म्हणून त्याच्या द्रावणाचा पीएचही मी तिथेच बसून जुळवायचो, अंगात दोन स्वेटर घालून. पुस्तकात वाचलं नव्हतं. बाहेर जुळवलेलं द्रावण आत नेलं की आकडा चढतो, हे बाटल्या धुता धुता डोळ्यांनी पाहिलं होतं. सातवी शिकलेला माणूस, पण मोठमोठे डॉक्टर मला विचारून द्रावण करायचे. तुला ठाऊकच आहे, मला त्याचा केवढा तोरा होता.

आपल्या प्रयोगशाळेच्या सरांसमोर तू तुझा प्रयोग पुन्हा करून दाखवायला सुरुवात करणार होतीस, त्याच्या आदल्या दिवशी गुडघे फार ठणकत होते. म्हटलं, आज एकदाच खिडकीजवळ उन्हात बसून जुळवू. सात पॉइंट चार आलं. लेबलावर तसंच लिहिलं.

आठवडाभर त्या बाटलीवर तू राबलीस. दुबळं पडलेलं एन्झाइम पुन्हा जोमात आणणारं तुझं औषध या वेळी चाललंच नाही. सर म्हणाले, आधीचे आकडे मनाने लिहिलेत. मी दारात ट्रे धरून उभा होतो. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाटली मामाच्या हातची आहे, सर. तिच्यात चूक नसणार. माझंच काहीतरी चुकलं असेल."

तेव्हाच मला ती खिडकी आठवली.

तू टेबल आवरत होतीस, तेव्हा मी मीटर घेऊन थंड खोलीत गेलो. बाटलीत बुडवला. आकडा आठाला जाऊन टेकला. तू भिंतीपलीकडे होतीस, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी नळ सोडला आणि उरलेलं सगळं बेसिनमध्ये ओतून दिलं. आता तो नळ आठवला की तुझं वाक्यच वाहताना ऐकू येतं.

गेल्या सोमवारी हे सगळं कागदावर लिहून, सही करून सरांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, "आता कशाला, मामा?" आणि कागद खणात सारला. म्हणून तसाच दुसरा कागद सही करून सोबत धाडतोय. कुठेही दाखव. माझं नाव खराब होईल म्हणून थांबू नकोस. तुझं खराब होत होतं, तेव्हा मी कुठे थांबलो?

ती रिकामी बाटली माझ्याकडे आहे. घासून ठेवली, पण लेबल काढायला हात धजत नाही.

चार शिव्या लिही, पण लवकर लिही. पोस्टमन या गल्लीत अकराला येतो. मी साडेदहापासून दारात बसतो.

तुझा मामा
(अजून म्हणणार असशील तर)